लोहचुंबक

अजिंठा चौफुलीच्या पुढे, पत्र्याच्या शेडमागे
बावीस गाड्या उभ्या, सगळ्यांची तोंडं हायवेकडे.
मे महिना. बॉनेटवर भाकरी टाकली तर फुगेल.
सुपडू मिस्तरीला मी शंभर रुपये आणि चहा कबूल करून आणलंय,
आणि कनवटीला लोहचुंबक आहे,
फुटक्या स्पीकरमधून काढलेला, बापाचा.
अस्सल पितळ कुठलं आणि पितळेचं पाणी कुठलं
हे मी त्याच्यावर शिकले, बाराखडीच्या आधी.

शेडवाला मोतीराज म्हणतो, ही बघा मावशी, नवरी आहे नवरी.
पांढरीशुभ्र. आरशाला लिंबू-मिरची, आत अत्तराचा वास.
मी चुंबक दाराला लावते. धरतो.
चाकाच्या वर लावते. धरतो.
हेडलाइटखाली लावते
आणि तो घसरून माझ्या पायावर पडतो.
तिथे लोखंड नाहीच, लांबी भरलीय बोटभर.
नवरीने कुठेतरी जोरात तोंड आपटलंय
आणि कुणी विचारू नये म्हणून एवढी पावडर.

सुपडू तोवर दुसरीच्या खाली शिरलाय,
नुसत्या चपला बाहेर.
"वाळू वाहेल शे हाई," खालून आवाज येतो, "पाटा बठी गयात."
गिरणेची वाळू, रात्रीची, डबल भरून.
छे हो, कांदा होता, मोतीराज म्हणतो.
मी चासीच्या खाचेत नख घालते.
कांदा असा करकरत नाही.

मला काय हवंय ते मला पाठ आहे.
धरणगाव, एरंडोल, पारोळा, आठवड्याला तीन फेऱ्या.
कूलरचे पत्रे, बोअरचे पाइप, मळणीयंत्राचे दात,
कुठल्या तरी शाळेचे गंजके बाक.
टनभर माल, चढावर न कण्हता.
भाड्याच्या छोट्या हत्तीला फेरीमागे बाराशे मोजून
माझ्या हाती उरतो तो फक्त त्याचा धूर.
डब्यात एक लाख दहा, बचत गटाचे चाळीस. बस.

तिसरी त्याने दाखवली नव्हती.
निंबाखाली, निळी, मुंगसाने कुरतडल्यासारखी.
हौद्यात केळीच्या चिकाचे काळे डाग,
रावेरच्या बागांमधले, रॉकेलने घासले तरी न जाणारे.
एकही पोचा लपवलेला नाही.
चुंबक जिथे लावावा तिथे चिकटतो, सोडवायला जोर लागतो.
पहिल्या सेल्फला नाही, दुसऱ्याला सुरू झाली,
धूर काळा, म्हणजे पोटाचं दुखणं. निळा नाही.
निळा असता तर मी मागे फिरले असते.

एक पासष्ट, मोतीराज म्हणाला.
मी मनात तिला काट्यावर चढवली.
पंधराशे किलो, तिशीचा भाव, पंचेचाळीस हजार.
म्हटलं, मेलेली पंचेचाळीसची आहे, भाऊ.
जिवंत असण्याचे तू किती लावतोस, ते बोल.
तो हसला. मग हसायचा थांबला.

त्याने आरसी शोधायला टेबलाचे खण उपसले,
तेवढ्यात मी वाकून हौद्याचा तळ पाहिला.
कुणीतरी ठिगळ मारलंय, जाड पत्र्याचं,
आणि त्यावर उलटी, पिवळी अक्षरं: निंग अँड प्रे

जिनिंगचा तो बोर्ड मला माहीत आहे.
गिरणी मोडली तेव्हा बाप वर छिन्नी मारत होता,
मी खाली शिडी धरून उभी, डोळ्यांत गंज.
अठराच्या भावाने विकला होता आम्ही.
बापाला वाटलं होतं, फार मिळाले.

मोतीराजला काही बोलले नाही. तळ सडलाय एवढंच म्हटलं,
आणि सात हजार अजून खाली आणले.
एक बेचाळीस. पासिंग त्याच्याकडे, स्टेपनी माझी.

सुपडूने गिअर टाकला, मधला, मग खरा.
बापाचा चुंबक मी दाराच्या आतल्या पत्र्याला लावला.
धरला.
नशिराबादच्या खड्ड्यापर्यंत.