वजनाचा तक्ता

जेवणाच्या टेबलावर आता जेवण होत नाही.
श्रीलंकेवर खलबत्ता ठेवलाय, पंख्याने नकाशा उडू नये म्हणून,
चितगावच्या कोपऱ्यावर करवंदाच्या लोणच्याची बरणी,
आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन बसतो
सीवूड्सच्या चौथ्या मजल्यावर,
जिथून दोन इमारतींच्या फटीत खाडी दिसते,
ओहोटीला राखाडी,
थंडीत तिच्यावर गुलाबी ठिपके, चिखलात चोच खुपसून.

विश्राम सव्वीस वर्षं तेलविहिरींवर माणसं पोचवत होता.
जुहूहून उठायचं, सरळ पश्चिमेला,
उतरायचं,
आणि तीच रेष पुसत परत.
"किनारा मी पाहिलाच नाही गं," तो म्हणतो,
"नुसता ओलांडला. दिवसातून दोनदा."
म्हणून हे सगळं.

रत्नागिरी, पणजी, मंगळूर, कोची.
कोलंबो.
मग वर चढत चेन्नई, विशाखापट्टण,
सुंदरबनाला वळसा, चितगाव, सितवे, रंगून,
तिथून खाली, जमिनीची ती बारीक लांब शेपटी धरून
पेनांग, सिंगापूर.
यंत्र चार भागीदारांचं,
आमच्या वाट्याला फार तर मागचा पंखा येईल.
अडीच तास उडायचं, अर्धा तास राखीव,
आणि त्याला लागतं ते पेट्रोल निम्म्या गावांत मिळतच नाही,
पिंपं आधी बोटीने जाणार,
आपण मागून.

पत्रं मी लिहिते.
महापालिकेत एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याला होते,
अर्ज कुठल्या टेबलावर मरतो
ते मला वासावरून कळतं.
ढाक्याचं उत्तर आलं, शिक्का ओला असावा इतकं ताजं.
कोलंबोने विम्याची प्रत मागितली, तिसऱ्यांदा.
रंगूनहून काहीच नाही.
सितवेत दोन पिंपं आहेत म्हणणारा कुणी मोंग थान
फोनवर नुसता हसतो.
विश्राम म्हणतो, हसतोय म्हणजे आहेत.
मी त्या रकान्यात पेन्सिलनेच लिहिते.

काल रात्री तो झोपल्यावर वजनाचा तक्ता पाहिला.
तराफा अकरा. जाकिटं दोन. हत्यारांची पेटी नऊ.
पाणी. औषधं. कागदपत्रं (एवढी जड असतात हे मला माहीत होतंच).
वैमानिक अठ्ठ्याहत्तर.
आणि खाली, त्याच्या डावखुऱ्या, कलत्या अक्षरात:
हेमांगी, एकसष्ट.

मला कुणी विचारलं नव्हतं.
मी विचारायची वाट पाहात होते
की कुणी विचारू नये म्हणून टेबलाशी इतकी कामात होते,
मला सांगता येणार नाही.

सकाळी चहा देताना म्हटलं, एकसष्ट नाही, चौसष्ट.
त्याने बशी खाली ठेवली.
तीन किलो म्हणजे चार लिटर,
चार लिटर म्हणजे चार मिनिटं,
चार मिनिटं म्हणजे तेरा किलोमीटर समुद्र.
इथून वाशी, नि परत.
मी म्हटलं, सोडते मी भात.
तो उठला, हत्यारांची पेटी उघडली,
तो मोठा पाना काढला, रिगवरच्या कुणा बशीरने दिलेला,
हातात तोलला,
आणि बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीमागे ठेवून आला.

मग मी पुन्हा नकाशा पाहिला.
बोट ठेवलं नेरूळवर नि सरकवत नेलं सिंगापूरपर्यंत.
जमीन सगळा वेळ डाव्या हाताला.
वैमानिकाची खुर्ची उजवीकडे.

"म्हणजे किनारा माझ्या काचेत," मी म्हटलं.
"तुला परत समुद्रच."
तो चष्मा पुसत राहिला, नको तितका वेळ.

"येताना?" मी विचारलं.
परतीचं पान तक्त्यात नव्हतंच.
यंत्र सिंगापूरहून बोटीने पाठवायचं ठरलं होतं,
स्वस्त पडतं.
म्हणजे तेवढीच पिंपं पुन्हा, तेवढेच शिक्के,
मोंग थानचं हसणं पुन्हा.

बरणी उचलली, चितगाव गुंडाळलं गेलं.
कोरा कागद घेतला,
वर तारीख घातली,
आणि लिहिलं: प्रति.