फळ्यावरचं ‘वी’

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात
आम्ही अकरा जणी, एक म्हातारा
आणि खोकणारा हीटर.
लोरेनबाईंनी फळ्यावर लिहिलं,
‘वी लिव्ह इन लुईस्टन’.
सगळ्यांनी म्हणा, म्हणाल्या.

सगळ्यांनी म्हटलं.
मी हात वर केला. कोणतं ‘वी’?
एकच असतं, होदन.

एकच?
माझ्या आईनं मला दोन देऊन पाठवलं होतं.
एक अन्नगा, म्हणजे आम्ही, तू त्यात नाहीस.
एक इन्नगा, म्हणजे आपण. ये, सरक, बस.
किस्मायोत, पाच वर्षांची असताना,
शेजारीण दारात उभी होती
आणि मी तिला म्हणाले, अन्नगा जेवायला बसतोय.
आईनं कान पिळला.
घरात भात कमी होता, ते तिला चाललं असतं.
शब्द कमी पडलेला चालला नाही.

इंग्रजीशी माझं वैर नाही.
ती मला बसची वेळ सांगते,
औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर सांगते,
पगार कुठं कापला तेही.
फक्त तिचा ‘प’ माझ्या ओठांना सापडत नाही.
मी ‘बार्किंग’ म्हणते आणि लिबान हसून लोळतो,
होयो, ते कुत्रं करतं!
नऊ वर्षांचा आहे.
मी सोमालीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो,
दारातून टाकलेला चेंडू
खिडकीतून परत यावा तसं.

मी उठले. खडू घेतला. दोन वर्तुळं काढली.
एकात सगळे, बाई, म्हातारा, हीटरसुद्धा.
दुसऱ्यात फक्त बाई
आणि वरच्या मजल्यावर बिंगो खेळणारे त्यांचे लोक.
आम्ही बाहेर, खडूच्या भुकटीत.
हे वाक्य लिहिलंत, बाई,
तेव्हा यातलं कोणतं मनात होतं?

विचारलं आणि वाटलं, उगाच विचारलं.
नऊला मला लाँड्रीत पोचायचं होतं.
तिथं बरं असतं. चार कोपरे, दोन बायका,
इस्पितळाची एक चादर.
घडी घालायला भाषा लागत नाही.

बाई फळ्याकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, माझी आई म्हणायची नूझोत्र.
आम्ही. ते नव्हेत, आम्ही.
क्विबेकहून आलेले, गिरणीतले.
शाळेत तोंडून फ्रेंच निघालं
की शंभर वेळा इंग्रजीत लिहायचं,
पुन्हा बोलणार नाही.
लिहिलं मी. अक्षर छान होतं माझं.
आता वीसपर्यंत आकडे उरलेत,
अर्धी प्रार्थना,
आणि दारात बोट चेमटलं तर एक शिवी.

ती अर्धी प्रार्थना त्यांनी म्हणून दाखवली.
जिथं अडल्या, तिथून
काँगोच्या म्हाताऱ्या म्बुयींनी पुढं नेली,
डोळे मिटून, सावकाश, शेवटपर्यंत.
वर कुणीतरी बिंगो जिंकलं.
गृहपाठ पान चाळीस, क्रियापदं.
वर्तुळं पुसायचं राहून गेलं.

सकाळी सहाला घरी आले तेव्हा
बहिणीनं डबा भरला होता,
लिबान बुटांशी झटत होता.
मी काही विचारलं नव्हतं.
तो आपणहून म्हणाला, सोमालीत,
होयो, शुक्रवारी अन्नगा तळ्यावर जाणार,
बर्फावर घसरायला.
तो, टकर, एलायस आणि ती लाल टोपीवाली.
मी नाही.

व्याकरण अचूक होतं.
कान पिळायला कुठं जागाच नव्हती.

मी त्याच्या टोपीची नाडी बांधली,
जरा जास्तच घट्ट,
आणि म्हटलं,
पुन्हा म्हण.