ह्रस्व सु

फणसवाडीतल्या छापखान्यात मी मुद्रितं तपासते.
सकाळी पऱ्यांची, जेवणानंतर भुतांची.
मालक म्हणतात, भुतं उन्हात वाचलेली बरी,
चुका लगेच दिसतात.

पऱ्यांच्या गोष्टीत दोन राजपुत्र असतात आणि एक बासरी.
राजकन्या झरोक्यात. पहिला फुंकतो,
नुसती धूळ येते. दुसरा फुंकतो
आणि सगळं राज्य जागं होतं, गोठ्यातल्या गायींसकट.
निकाल लागला.
हरलेला राजपुत्र पुढच्या पानावर नसतोच,
मी दोनदा शोधला.

भुतांच्या गोष्टीत वाजवणारं माणूस आधीच गेलेलं असतं.
नवी बायको जिना चढते, वरच्या खोलीला कुलूप,
आत पियानो. तिथे कुणी कुणाला निवडत नाही.
सूर फक्त आपली जागा धरून बसतो,
पंगतीत आधीच बसलेल्या पाहुण्यासारखा.

डीटीपीवाला पोरगा दोन्हीकडे 'सुर' टाकतो, ह्रस्व.
ह्रस्व सुर म्हणजे देव, अरे बाबा.
समासात दीर्घ करून करून माझा अंगठा दुखतो.

संध्याकाळी माहीमला घरी.
यदुनाथच्या भिंतीवर सुलेखाचा दिलरुबा आहे,
मांजरपाटाच्या खोळीत. सात वर्षं झाली तिला जाऊन.
लग्नाआधी सांगितलं होतं मला, लपवलं काही नाही.
खाली कॅडल रोडवरून डंपर गेला
की खोळीच्या आत तरफेच्या तारा झिणझिणतात.
यदुनाथचा घास हातात थांबतो.
डंपर, मी म्हणते.
हो, डंपरच, तो म्हणतो,
आणि आमटी पुन्हा गरम करावी लागते.

गेल्या गुरुवारी घरात कुणी नव्हतं.
केस विंचरताना मी काहीतरी गुणगुणले
आणि भिंत गुणगुणली.
मी थांबले. तीही थांबली, जराशी उशिरा.
त्या उशिराचं काय करायचं?
मग मुद्दाम गायले, खालच्या पट्टीत.
माझा आवाज घोगरा, शाळेत प्रार्थनेला मागे उभं करायचे.
दिलरुब्यानं तोही घेतला.
पऱ्यांच्या नियमानं, मला निवडलं होतं.
भुतांच्या नियमानं, ती कुठे गेलीच नव्हती.
दोन्ही मुद्रितं माझ्याच टेबलावर, शाई एकच.

शनिवारी तो खोळीसकट दो टाकीला नेला.
यदुनाथ जिन्यापर्यंत आला, म्हणाला, जपून.
कुणाला म्हणाला, विचारलं नाही.
शाकीरभाईंनी नखानं एकेक तार उचलून पाहिली,
लाकडाची पाठ गालाला लावली, ताप बघावा तशी.
घरात वाजवतं कोण?
दोन बायका, मी म्हटलं. तोंडातून गेलं.
त्यांनी मान डोलावली, रोजचंच असल्यासारखी,
आणि पावती फाडली:
दिलरुबा, नग एक.
तरफेचे तीन सुर लावून देणे.

सु ह्रस्व.
पेन माझ्या कानामागे होतं. तिथेच राहू दिलं.