तीन वाजून वीस

तोइवो लाहती गेले तेव्हा तीन वाजून वीस झाले होते.
मला माहीत होतं. हात माझ्याच हातात होता.
पण गेले, असं म्हणायचा अधिकार
माझ्या छातीवरच्या तीन अक्षरांना नाही.
तो फोन करून बोलवावा लागतो,
आणि त्या रात्री तो पुलापलीकडून, हँकॉकहून,
बर्फ उपसणाऱ्या गाडीच्या मागे मागे येत होता.

पन्नास मिनिटं म्हातारा कागदोपत्री जिवंत.
मी उशी सरळ केली. ओठ पुसले.
एकदा तर सवयीने विचारलंही,
थंडी वाजतेय का?

मग ग्रेचेन आली. रजिस्टर्ड नर्स.
बुटांवरचा बर्फ झटकून
स्टेथोस्कोप टेकवला, घड्याळ पाहिलं.
चार दहा.
बाई चांगली आहे. म्हणाली, दमलीस गं.
दाखल्यावर चार दहा गेलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आता दोन माहितीपत्रकं.
एक विद्यापीठाचं, चार वर्षांचं,
वर हसणाऱ्या पोरी, माझ्या लेकीच्या वयाच्या.
दुसरं ब्रिज कोर्सचं. दोन वर्षं,
मंगळवार-गुरुवार संध्याकाळी, साठ मैलांवर.
फोनवरच्या मुलीने अदबीने सांगितलं,
तुमची शरीररचना एकोणीस वर्षांपूर्वीची,
तिची मुदत संपली.
मी खाली पाहिलं. गुडघे, पोटऱ्या, सुजलेली पावलं.
म्हटलं, खरंय.

आर्नी म्हणतो, आधी पगाराचं गणित मांड.
मांडलं. फी, पेट्रोल, बुडणाऱ्या पाळ्या,
जमेला काही दिसतं ते थेट सहाव्या वर्षी.
एल.पी.एन.ची आर.एन. व्हायचं
म्हणजे तीन अक्षरांवरून दोनवर यायचं.
वजाबाकी इतकी महाग पडते
हे शाळेत कुणी बोललं नव्हतं.

तरी ब्रिजचाच अर्ज पुढे ओढला.
पार्किंगमध्ये हीटर लावून डबा खाईन,
औषधांचे हिशेब स्टिअरिंगवर वही टेकवून.
लेक म्हणाली, मी घेईन पाठांतर.
तिच्या तोंडून हाडांची नावं ऐकायची, म्हणजे झालंच.

शेवटी एक रकाना होता. हा मार्ग का निवडलात?
चार ओळींची जागा.
मी लिहिलं, तीन वाजून वीस.
मग वाटलं, समितीला काय कळणार?
खोडलं. खाली लिहिलं, व्यावसायिक प्रगती.

खोडलेलं मात्र अजून वाचता येतं.
पेन जरा जोरातच टेकलं होतं.