साल

बेल्मीरुच्या छातीत एक धातूची झडप आहे.
तो दवाखान्याच्या बाकावर बसला
की शेजारची माणसं आपापली मनगटं बघतात.
मग हा मुद्दाम तोंड जरा उघडं ठेवतो,
टिकटिक मोठी होते.

दर दुसऱ्या मंगळवारी मी त्याचं बोट टोचते.
एक थेंब. पट्टी तो पिऊन टाकते.
यंत्र विचार करत असतं तेवढ्यात
तो मला बुचाच्या ओकांचं सांगतो:
नऊ वर्षांतून एकदा साल निघते,
आणि सोललेल्या लाल बुंध्यावर
पांढऱ्या रंगात काढतात
त्या सालाचा शेवटचा आकडा.
"झाडाला एक आकडा नऊ वर्षं पुरतो, सिस्टर.
माझा पंधरा दिवस टिकत नाही."

अडीच ते साडेतीन.
एवढीच त्याची पायवाट.
खाली घसरला तर रक्त झडपेवर साकळेल,
वर चढला तर
दाढी करणंसुद्धा अंगाशी येईल.

मे महिन्यात त्याची दाढ सुजली.
शहरातल्या दातांच्या डॉक्टरने जंतूंवर गोळ्या दिल्या.
त्याने विचारलं नाही,
याने सांगितलं नाही,
आणि माझी पिवळी वही
खुंटीवरच्या कोटात गप्प लटकत राहिली.

तो आला तेव्हा मंगळवार नव्हता.
पावाच्या घासावर हिरड्यांचा लाल ठसा,
पट्ट्याखाली अंजीर फुटावं तसा डाग.
सहा पॉइंट आठ.
मी दुसरं बोट टोचलं.
सहा पॉइंट नऊ.
त्या बोटावर कापूस दाबून धरला आणि धरूनच राहिले,
डॉक्टरांना फोन दुसऱ्या हाताने लावला.
ते म्हणाले, रक्ताची गोळी आज नाही, उद्या नाही,
आणि त्याला माझ्याकडे पाठव, आत्ता.

रागावले मी त्याच्यावर.
तो म्हणाला, "दुखत होती ती दाढ.
दातवाल्याला काळजाची वही कोण दाखवतं?"

मग जून. आणि झुल्मीरा, त्याची विधवा वहिनी,
जिच्या कानावर आलं होतं
की बेल्मीरुचं रक्त पाण्यासारखं झालंय.
बांधावरची घोळ खुडून
तिने रोज सूप केलं, वर अंडं, शेळीचं चीज,
रोज, सतरा दिवस.
एक पॉइंट सहा.
प्रेमाने वाढलेलं मोजायला
माझ्याकडे पट्टी नाही.

ती स्वतः आली, पातेलं घेऊनच आली.
"मी विष घातलं का त्याला?"
नाही हो. घाला की.
पण दर आठवड्याला तेवढीच घाला,
एकदा पातेलं, एकदा कोरडी वाटी, असं नको.
म्हणजे मी गोळी तुमच्या सुपाच्या मापाने बसवते.
तिने पातेल्यावरचं झाकण काढलं, पुन्हा ठेवलं.
"म्हणजे किती मूठ?" तिने विचारलं.
सहा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.

जुलैत मी तोडणी बघायला गेले.
आलेंतेझुचं ऊन, मान भाजणारं.
कुऱ्हाड आता पुतण्याच्या हातात, फाउश्तीनुच्या.
बेल्मीरु चार पावलं मागे उभा, डोळे मिटून.
"पोकळ वाजलं की साल सुटते," तो म्हणाला.
"जड वाजलं तर आत लागलं.
आतला थर दुखावला, की तिथे पुन्हा साल धरत नाही."
त्याने छत्तीस वर्षं एवढंच ऐकलं होतं,
कुठे थांबायचं ते.
दोन घावांच्या मधे मला
त्याची टिकटिक ऐकू आली.

शेवटी ब्रश त्याने घेतला.
हात कापत होता, आकडा जरा कलला,
कोणी दुरुस्त केला नाही.

मी म्हटलं, मंगळवारी ये,
आणि वही खिशात ठेव. झोपताना सोडून नेहमी.
त्याने सदऱ्यावरून हात फिरवला.
"खिसा कुठाय याला?"

"शिवते मी," झुल्मीरा म्हणाली, आणि तिथेच
सदऱ्याची बाजू चिमटीत धरून बघू लागली.

"अंगावर नको," तो मागे सरकत म्हणाला.
"आधी काढू दे. सुई आहे ती."