उजवा कान, स्त्री, वय त्रेपन्न

सीपीआरच्या ओपीडीत मालन सातपुते म्हणाली,
"तीन म्हैनं झालं, रात्री निजलोच न्हाई बघा."
मी यवतमाळची. पहिल्या वर्षी दचकायचे
इथल्या बायकांच्या या 'गेलो', 'आलो', 'जेवलो'ला.
आता केसपेपरवर स्त्री लिहिते आणि ऐकत राहते.

लसणीचं तेल घालून झालं होतं,
मिठाच्या पुरचुंडीनं शेकून झालं होतं,
मेडिकलवाल्यानं दिलेले थेंब, दोन बाटल्या.
मी आत पाहिलं:
पडदा मोतिया, दिव्याची तिरीप
जिथे पडायला हवी तिथेच पडलेली.
इतका निर्मळ कान त्या दिवशी दुसरा नव्हता.

"मग दुखतंय ते काय खोटं?"
खोटं नाही, मावशी. दुसऱ्याचं आहे.
दात, जबडा, घसा, मान,
सगळ्यांच्या तारा कानावरून जातात,
कोण ओरडतंय ते मेंदूला नीट कळत नाही.

मिश्री लावतो म्हणाली, लग्नाआधीपासून.
मी बोलायची थांबले.
जीभ कापडात धरली, आरसा कोमट केला.
"ई म्हणा."
टॉन्सिल, जिभेचं मूळ, त्याच्याही खाली,
मग बोटानं चाचपून, मग मानेत गाठ आहे का.
नव्हती.
मी श्वास केव्हा सोडला ते तिला कळलं नाही.

कानापुढे बोट ठेवलं. "तोंड उघडा."
कट्.
ती कळवळली, तेव्हा कुठे मी तिचे हात पाहिले,
आरीनं टोचून टोचून चाळणी झालेला अंगठा.
सुभाषनगरात चपलांच्या वेण्या घालते,
वादी दाढेत धरून ओढते,
सव्वीस वर्षं, उजव्याच बाजूनं.

वादीला पक्कड घ्या. मिश्री बंद.
भाकरी आमटीत कुस्करून.
जांभई आली की हनुवटीला हात लावा.
शेक कानात नाही, इथे, या हाडाजवळ.
रात्री दात खाता का?
"निजल्यालं माणूस काय सांगणार?
मालक असतं तर सांगितलं असतं."
दातांच्या विभागाला चिठ्ठी लिहिली.

सहा आठवड्यांनी आली ती पक्कड दाखवायलाच,
मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली.
"कान बरा झाला."
कानाला काही झालंच नव्हतं, मी पुन्हा म्हटलं.
"ठावं हाय की. पर सोसलं त्यानंच न्हवं?"
आणि तिनं कानातली कुडी
तेवढी सरळ केली.