एकास बहात्तर

सांगाडा त्याचा.
पठाण, वाक, नाळ, सगळं भंगारात निघालेल्या साच्यांचं सागवान.
पंपाच्या पोटाचे, व्हॉल्व्हच्या गळ्याचे साचे
यानं स्कूटरच्या पायाशी ठेवून
हडपसरहून धायरीपर्यंत आणले, पाच खेपांत.
तीस वर्षं पॅटर्न शॉपमध्ये अंबादास पांचाळ
लाकूड घडवायचा, आणि उरायचं लोखंड.
ही गुराब पहिली वस्तू,
जिच्यात लाकूड लाकूडच राहिलं.

एकास बहात्तर.
या मापानं तांडेल माझ्या करंगळीच्या पेराएवढा,
तोफ जिऱ्याच्या चार दाण्यांएवढी,
आणि खाली समुद्र म्हणून सनमायकाचं टेबल.

तिन्ही डोलकाठ्या उभ्या राहिल्या
आणि काचबिंदूनं त्याच्या नजरेच्या कडा कुरतडल्या.
आधी कडा, मग मधलं.
दोर राहिले.

मी ससूनच्या थिएटरात चोवीस वर्षं
टाके घालणाऱ्यांच्या तळहातावर सुई ठेवत आले.
न मागता, योग्य ती, योग्य बाजूनं.
स्वतः एक टाका घातला नाही.
आता घालते.
तोच चिमटा, तीच लांब नाकाची कात्री,
आणि सर्जनची गाठ : पहिल्या फेरीला दोन वेढे,
म्हणजे दुसरी पडेपर्यंत पहिली धीर धरते.

उभे दोर काळे, ते शाईत बुडवले.
चालते दोर चहात, साखर न घातलेल्या.
गॅलरीत वाळत घातले तर शेजारची मृण्मयी म्हणाली,
मावशी, शेवया फार बारीक झाल्यात.
कप्प्या करवंटीच्या. एकशे चौदा.
त्यातल्या नऊ फरशीवर पडून गेल्या,
त्या अजून झाडूत सापडतात.

डोलकाठीला दोरशिडी होती की नव्हती
यावरून आम्ही दोन महिने भांडलो.
तो म्हणे, आपली माणसं अनवाणी चढायची.
मी म्हणे, अनवाणी पायालाही पायरी लागते.
शेवटी एका बाजूला बांधली, एका बाजूला नाही.
बघणारा काय ते समजून घेईल.

रोज जेवण झालं की तो हात धुऊन बसतो.
बोटं पुसतो, पुन्हा पुसतो,
आणि दोरांवरून फिरवतो,
वीणा जुळवणाऱ्यासारखी नाही,
ताप बघणाऱ्यासारखी.
परवा कलमीपाशी थांबला.
"हा दोर परबाणाच्या मागून गेलाय."
गेला होता.
"वारा फिरला तर परबाण अडकेल."
कुठला वारा, मी म्हटलं, काचेच्या पेटीत जायचंय हिला.
तो काही बोलला नाही. बोट तिथंच ठेवलं.

अकरा दिवसांचं काम होतं.
टाके कापता येतात, गाठी सोडवाव्या लागतात.
त्या रात्री दिव्याखाली नाक नेऊन
मी एकेक सोडवली
आणि प्रत्येक गाठीला त्याच्या नावानं काहीबाही बोलले.
तो आतल्या खोलीत जागा होता. त्याला ऐकू येत होतं.

आज शीड.
माझ्या जुन्या पातळाचा तुकडा, मांडीवर शिवलेला.
कुठल्या बाजूला फुगवू, विचारलं.
"संध्याकाळपर्यंत थांब."

पुण्याला समुद्र नाही.
पण वैशाखात सहा-साडेसहाला
पश्चिमेकडून एक वारा येतो,
घाट चढून दमलेला, मीठ वाटेत सांडून आलेला.
नऱ्ह्याच्या टेकडीवरून उतरतो,
टाकीवरचं पत्र्याचं झाकण वाजवतो
आणि आमच्या खिडकीत शिरतो.

तो खिडकीपाशी उभा होता,
तोंड थोडं वर, डोळे उगाचच मिटलेले.
"आला. डावीकडून घेऊ. दोर सोड."
किती?
"दोन हात."

मी नखभर सोडला.